मानेच्या फ्युजन ऑपरेशननंतर दिव्यांग प्रमाणपत्र, ईएसआय, पेन्शन: नक्की काय मिळू शकतं?

परळकरीण | ६ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आले आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझ्या नवऱ्याचं (वय ४३) मे महिन्यात मानेचं ऑपरेशन झालं. मानेच्या खालच्या मणक्यांमधल्या सी५-सी६ आणि सी६-सी७ अशा दोन गाद्या काढून तिथे केज (आधाराचे छोटे ठोकळे) बसवले आणि पुढून प्लेट-स्क्रू लावून मणके जोडले, यालाच फ्युजन म्हणतात. ऑपरेशन पालिकेच्या मोठ्या इस्पितळात झालं, कारण ते घराजवळ आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी फार आपुलकीने समजावून सांगितलं होतं. मानेतून हातात जाणारी कळ थांबली, रात्रीची झोप परत आली. पण उजव्या हातात ताकद आलेली नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर असतात. शर्टाचं वरचं बटण मी लावून देते. गेल्या महिन्यात बँकेने त्यांचा चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. त्यांनी तीच सही केली होती, पण हात आता ती तशी काढतच नाही.

अंधेरी एमआयडीसीत छपाईच्या मशीनवर ऑपरेटर आहेत, सात वर्षं झाली. कागदाची रिमं उचलणं, वाकून रोलर पुसणं, दिवसभर उभं राहणं. पगार १९ हजारांच्या आसपास. साठलेली रजा संपली, आता बिनपगारी आहेत. कंपनी म्हणते, हलकं काम आमच्याकडे नाही, राजीनामा द्या, हिशेब करून टाकतो.

चाळीतले एक काका ठामपणे सांगतात की मानेत प्लेट बसली म्हणजे ४० टक्के अपंगत्व नक्की. खरं आहे का? आणि दाखला मिळाला तर त्यावर नक्की काय मिळतं? घरात मी शिवणकाम करते, मुलगी नववीत आहे. कृपया कुणाला खरी माहिती असेल तर सांगा.

---

बोरिवलीवाला

ताई, काळजी घ्या. बँकेत २० रुपयेवाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढला असेल तर बघा, त्यात अपंगत्वाला २ लाख मिळतात.

---

हिशेबनीस

बोरिवलीवाला, तो विमा फक्त अपघाताचा आहे. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय असं झालं तर २ लाख; एकच डोळा, हात किंवा पाय गेला तर १ लाख. गादी झिजून झालेल्या ऑपरेशनला त्यात काही नाही. ताईंना आशा लावून बँकेत पाठवायला नको.

---

अस्थिरोग_डॉक

परळकरीण, मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या शासकीय वैद्यकीय बोर्डावर काम केलेलं आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज मला ओपीडीत रोज भेटतो.

ऑपरेशन झालं म्हणून टक्के मिळत नाहीत. प्लेट, स्क्रू, केज यांनाही टक्के नाहीत. ऑपरेशन आणि त्यानंतरचे उपचार पूर्ण झाल्यावर शरीरात जी उणीव कायमची उरते, तिचं मोजमाप होतं. मणक्याचे आजार चलनवलन दिव्यांगत्वात मोडतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना ४ जानेवारी २०१८ च्या राजपत्रात आल्या, मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या. बोर्ड त्यांच्याच आधारे मोजतं.

मानेच्या हालचालीचं म्हणाल, तर मान डावीकडे-उजवीकडे वळते त्यातला जवळजवळ अर्धा भाग सगळ्यात वरच्या दोन मणक्यांत होतो. तुमच्या यजमानांचे जोडले गेलेले मणके खालचे आहेत. त्यामुळे मान आखडल्यासारखी वाटली तरी कोनमापकाने मोजल्यावर गेलेली हालचाल थोडीच भरते. ज्या रुग्णाला फ्युजननंतर दुखणं आहे पण नसेची कमजोरी नाही, त्याला नुसत्या मणक्याचे टक्के ४० च्या खूप खाली पडतात. चाळीतल्या काकांचं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही.

पण तुमच्या यजमानांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे तो हात. स्नायूंची ताकद ० ते ५ अशी मोजतात. ५ म्हणजे पूर्ण ताकद. ३ म्हणजे हात स्वतःच्या वजनासकट उचलला जातो, पण त्यावर जरा दाब दिला की खाली येतो. ० म्हणजे हालचालच नाही. ४ असेल तर त्या स्नायूची २० टक्के ताकद गेली असं धरतात, ३ असेल तर ४० टक्के, २ असेल तर ६० टक्के. त्याशिवाय संवेदना, बोटांची चिमूट, मुठीची पकड, हाताने करायची रोजची कामं यांचा वेगळा हिशोब असतो.

मग हे सगळे आकडे सरळ बेरीज करून जोडत नाहीत. सूत्र असं आहे: मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०. समजा हाताचे ३० आले आणि मानेचे २०. सरळ बेरीज ५० होईल, पण सूत्राने ३० अधिक २० गुणिले ६० भागिले ९०, म्हणजे साधारण ४३ येतात. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, यजमानांचे काय येतील ते हात तपासल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. पण योजनांसाठी लागणारी ४० ची रेघ किती बारीक हिशोबाने ओलांडली जाते किंवा हुकते ते यावरून कळेल.

घाई करू नका. मे महिन्यात ऑपरेशन झालंय, नस सुधारायला वर्षभर लागू शकतं. लवकर गेलात तर बोर्ड परत बोलावतं किंवा मुदतीचं तात्पुरतं प्रमाणपत्र देतं. बऱ्याच योजनांना कायमचं प्रमाणपत्र लागतं.

आणि एक गोष्ट दाखल्याहून महत्त्वाची. सही बदलणं, बटण न लागणं हे फक्त एका नसेचं लक्षण असेल असं नाही, मज्जारज्जूवर दाब असला तरी असं होतं. चालताना तोल जायला लागला, पाय जड वाटले किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी सर्जनला गाठा.

---

परळकरीण

डॉक्टर, मनापासून आभार. तोल वगैरे ठीक आहे, चालणं व्यवस्थित आहे. सर्जनने पण हेच विचारलं होतं. नस सुधारायला वर्ष लागणार असेल तर तोपर्यंत घर कसं चालवायचं हाच प्रश्न आहे.

---

काळाचौकी_काका

सूनबाई, त्याचंच उत्तर द्यायला लॉगिन केलं. मी आयुष्यभर कामगार संघटनेत काम केलं, गिरणीपासून एमआयडीसीपर्यंत. पहिलं काम: यजमानांची पगाराची जुनी पावती काढ आणि त्यात ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) म्हणून पाऊण टक्का कापलाय का बघ. १९ हजारांवर ते साधारण १४० रुपये होतात. पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे कापलेलं असणारच.

कापलं असेल तर तुझी पहिली खिडकी दिव्यांग बोर्ड नव्हे, ईएसआय आहे. तिथे टक्केवारी कुणी विचारत नाही. तिथे विचारतात एवढंच, की हा माणूस आजारामुळे आत्ता कामाला जाऊ शकतो का.

साधा आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण त्यापुढे वाढीव आजारपण लाभ आहे, तो ८० टक्के. तो ठरावीक ३४ दीर्घ आजारांनाच मिळतो, आणि त्या यादीत मणका सरकणं आणि मणक्यातली गादी बाहेर येणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. हा लाभ वैद्यकीय शिफारशीनुसार टप्प्याटप्प्याने वाढत दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. अट अशी की विमाधारक म्हणून सलग दोन वर्षं नोकरी झालेली हवी आणि मागच्या चार अंशदान-काळांत (वर्गणी मोजायच्या ठरावीक टप्प्यांत) मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. सात वर्षं नोकरी आहे, बसेल.

ऑपरेशन बाहेर झालं म्हणून ईएसआय आपोआप बंद होत नाही. पण सुटीचे दाखले ईएसआयच्या डॉक्टरकडून लागतात, म्हणजे ज्या दवाखान्याला किंवा पॅनल डॉक्टरला तुमचं नाव जोडलेलं आहे तिथून. पालिका इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, एमआरआय सगळं घेऊन त्यांच्यासमोर ठेव. मागच्या महिन्यांचं काय, तेही शाखा कार्यालयात लेखी अर्ज करून माग, पोच घे. तोंडी नाही म्हणाले तर लेखी नाही मागायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. राजीनाम्यावर सही करू देऊ नकोस. १९४८ च्या ईएसआय कायद्याचं (नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू) कलम ७३ आहे: कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालक त्याला कामावरून काढू शकत नाही. राजीनामा मात्र आपण दिलेला असतो, त्याला कलम ७३ लागत नाही. म्हणूनच मालक काढत नाही, राजीनामा मागतो.

---

मुलुंडची_मुलगी

काकांना +१००. राजीनामा देऊ नका हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

माझे बाबा सरकारी सेवेत ड्रायव्हर होते. मानेचं फ्युजन झाल्यावर खात्याने त्यांना वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून घरी बसवायची तयारी केली होती. आम्हाला एका वकील ताईंनी दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधलं कलम २०(४) दाखवलं. नोकरीत असताना ज्याला दिव्यांगत्व आलं त्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, हुद्दाही कमी करू शकत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (खास जादा तयार केलेल्या) पदावर ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या १९९५ च्या कायद्यातल्या अशाच कलमावर कुणाल सिंग खटल्यात २००३ मध्ये हेच सांगितलं होतं. बाबांना भांडारात बसवलं, पगार तोच राहिला, आणि ते तिथूनच निवृत्त झाले.

ताई, तुमच्या यजमानांची कंपनी खासगी आहे, तिला २०(४) लागू नाही. पण पालिका, राज्य सरकार, सरकारी उपक्रम इथले कुणी हा धागा वाचत असतील तर हे कलम पाठ करून ठेवा.

---

घाटकोपरकर

माझी गोष्ट सांगतो, म्हणजे लोकांना दुसरी बाजूही कळेल. कमरेत एल४-एल५ ला रॉड-स्क्रू आहेत. पाय चालतात, ताकद आहे. पण वीस मिनिटांच्या वर एका जागी बसलो की कमरेतून मांडीपर्यंत आग होते. नोकरी काउंटरवरची. ट्रेनमध्ये बसायला मिळालं तरी अर्ध्या रस्त्यात उठून दारापाशी उभा राहतो. बोर्डाने १५ टक्के दिले आणि पांढरं यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) हातात आलं. त्या पांढऱ्या कार्डावर एकही योजना नाही, प्रवासात सवलत नाही, करात सूट नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. वेदना मोजायचं यंत्र नाही म्हणून वेदना नाहीच असं धरायचं का? दिवसभर दुखणारा माणूस अपंग नाही आणि न दुखणारा अपंग, हे कोणत्या न्यायाने? डॉक्टर, तुमच्यावर राग नाही, पण उत्तर द्या.

---

बोरिवलीवाला

म्हणूनच सांगतो, बोर्डासमोर जरा जास्तच दाखवायचं. हात उचलायला सांगितला तर अर्धाच उचलायचा. सगळे तेच करतात. सरळ माणसाचं इथे काही होत नाही.

---

अस्थिरोग_डॉक

बोरिवलीवाला, हा सल्ला कृपया कुणी घेऊ नये. पहिलं कारण व्यवहाराचं. आम्ही ताकद एकाच पद्धतीने तपासत नाही. पकड वेगवेगळ्या रुंदीवर मोजतो, बोलता बोलता शर्ट काढायला सांगतो, फाईल उचलताना बघतो, आणि ईएमजी-एनसीव्ही तपासणी नस खरोखर किती बाद आहे ते सांगते. नाटक केलं की खऱ्या कमजोरीवरचाही विश्वास उडतो आणि खरोखर ३० टक्के असलेला माणूस संशयाने २० वर येतो. मी हे होताना पाहिलं आहे. दुसरं कारण कायद्याचं. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घाटकोपरकर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. या सूचना शरीरातली मोजता येणारी उणीव धरतात: ताकद, हालचाल, संवेदना, अस्थिरता. वेदनेला त्यात फार थोडी जागा आहे, नसेच्या लक्षणांशिवाय तर अगदीच थोडी. मला हे अपुरं वाटतं. तुमच्यासारखा माणूस रोज जे सोसतो ते या कागदात बसत नाही. बोर्डावर बसलेल्या डॉक्टरला ते दिसतं, पण आकडा लिहिताना त्याचा हात सूचनांनी बांधलेला असतो.

मात्र पांढऱ्या कार्डावर काहीच नाही, हे पूर्ण खरं नाही. ४० टक्क्यांची अट आरक्षण आणि योजनांसाठी आहे, त्याला कायदा लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतो. पण दिव्यांग व्यक्ती कोण, याच्या मूळ व्याख्येत टक्केवारी नाही. दीर्घकाळची उणीव आणि समोरचे अडथळे यांमुळे समाजात पूर्ण सहभाग घेता येत नाही, एवढंच तिथे आहे. भेदभाव न होण्याचा आणि वाजवी सोयीसुविधा मिळण्याचा हक्क कलम ३ मध्ये आहे, आणि तो तुमच्या १५ टक्क्यांनाही आहे. काउंटरवर उंच टेबल, दर अर्ध्या तासाला उठायची मुभा, आलटून पालटून उभ्याचं काम, हे लेखी मागा. सोबत सर्जनचं पत्र जोडा, त्यात “दुखतं” एवढंच नको, “सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये” असं नेमकं लिहून घ्या.

टक्केवारी चुकली असं वाटत असेल तर कलम ५९ खाली अपील आहे. नवीन काही पुरावा असेल, म्हणजे ईएमजीत बिघाड किंवा एक्स-रेमध्ये मणका हलताना दिसणं, तर अपील जरूर करा. त्याच कागदांवर परत गेलात तर बहुधा तोच आकडा येईल.

---

घाटकोपरकर

डॉक्टर, धन्यवाद. कलम ३ बद्दल मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. उभ्याचं टेबल मागतो. बोर्डाच्या पत्रावर उगाच चिडून बसलो नाही, दुखतं म्हणून चिडलो होतो.

---

जर्सीसिटीतला_गिरगावकर

इथलं थोडं लिहितो, तुलना म्हणून. माझ्या मोठ्या भावाचं इथे मानेचं फ्युजन झालं आणि तो सोशल सिक्युरिटीच्या डिसॅबिलिटीसाठी लढला. इथे टक्के नाहीतच. प्रश्न एकच: किमान बारा महिने टिकणाऱ्या आजारामुळे तू कुठलंही पुरेसं कमाईचं काम करू शकत नाहीस, हे दाखव. जुनं काम जमत नाही एवढं पुरत नाही, दुसरं हलकं कामही जमत नाही हे दाखवावं लागतं. मणक्यासाठी वैद्यकीय यादीत १.१५ हा नियम आहे, आणि तिथेही नुसतं फ्युजन चालत नाही. नसेवर दाब असल्याचा एमआरआय किंवा ऑपरेशनचा पुरावा, तपासणीत दिसणारी कमजोरी, आणि हात वापरण्यात किंवा चालण्यात मोठी अडचण, हे सगळं लागतं. शिवाय नोकरीत पुरेसा कर भरलेला हवा आणि मंजूर झालं तरी पहिले पाच महिने पैसे नाहीत. भावाचा अर्ज आधी नाकारला गेला, सुनावणीत मंजूर झाला. त्याच्या फिजिओथेरपिस्टने महिनोन्महिने पकडीचे आकडे लिहून ठेवले होते, तेच कामी आले.

डॉक्टरांचं म्हणणं इथेही तसंच लागू पडतं. ऑपरेशन नव्हे, नंतर उरतं ते बघतात.

---

ठाकुर्लीकर

माझाही प्रश्न जोडतो. आम्ही ठाकुर्लीत राहतो, म्हणजे ठाणे जिल्हा. आईचं मणक्याचं ऑपरेशन मुंबईत केईएमला झालं. प्रमाणपत्रासाठी ठाण्यालाच जावं लागेल का? सगळे जुने कागद, डॉक्टर मुंबईत.

---

अस्थिरोग_डॉक

दोन्ही पर्याय आहेत. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांतला नियम १७ सांगतो: एकतर राहत्या जिल्ह्यातलं वैद्यकीय प्राधिकरण, नाहीतर ज्या सरकारी इस्पितळात त्या दिव्यांगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत ते. अर्ज यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर आधारसकट भरायचा, मग तारीख मिळते. उपचार झालेल्या इस्पितळात केसपेपर आधीच असतो, त्याचा फायदा होतो. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे. आहेत, आणि महालक्ष्मीला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आहे. खासगी सर्जनचं पत्र पुरावा म्हणून चालतं, प्रमाणपत्र म्हणून नाही.

---

हिशेबनीस

पैशांची बाजू मी लिहितो. मी करसल्लागार आहे.

४० टक्के आणि त्यावर: आयकरात कलम ८०यू खाली स्वतःसाठी ७५ हजारांची वजावट, ८० टक्के आणि त्यावर असेल तर सव्वा लाख. घरातल्या अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी हीच रक्कम ८०डीडी खाली. पण ही फक्त जुन्या करप्रणालीत. नवीन प्रणाली आता आपोआप लागू होते, तिच्यात ही वजावट नाही, म्हणून विवरणपत्र भरताना दोन्ही हिशोब करून बघा. परळकरीण ताई, १९ हजार पगारावर आयकर लागतच नाही, तेव्हा तुम्हाला याचा उपयोग नाही. व्यवसाय कराची माफी मात्र मिळेल, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला अडीच हजार. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

रेल्वेबद्दल लोकांचा गोंधळ होतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांतली दिव्यांग सवलत हाडा-स्नायूंच्या दिव्यांगांमध्ये त्यांनाच आहे जे सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाहीत, आणि तसं रेल्वेच्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रात लिहिलेलं लागतं. नुसत्या यूडीआयडीवर तिकीट मिळेल असं समजू नका.

संजय गांधी निराधार योजना: राज्य सरकारने दिव्यांगांसाठीची महिन्याची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारावरून अडीच हजार केली आहे. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. नोकरी चालू असताना ते बसणार नाही.

---

परळकरीण | १९ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतात. काकांनी सांगितलं तशी पावती काढली, ईएसआय कापलेला आहे. कार्डही कपाटात होतं. ईएसआयच्या दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टर बाईंनी सगळे कागद नीट वाचले आणि पुढच्या तपासणीसाठी त्यांच्या इस्पितळात पाठवलं. आजपासूनचा सुटीचा दाखला मिळाला. मागच्या महिन्यांसाठी शाखा कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली.

कंपनीने परत फोन केला. म्हणाले, राजीनामा दिलात तर पीएफ लगेच काढून देतो, नाहीतर अडकून पडेल. यांना वाटतंय की द्यावा. सात वर्षांचा पीएफ हातात येईल, मुलीची फी भरता येईल. मी काय सांगू?

---

काळाचौकी_काका

पीएफ अडकत नाही. पीएफ यजमानांचा आहे, मालकाचा नाही. आजारपणासाठी नोकरीत असतानाही पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते, अर्ज यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) ऑनलाइन करता येतो. फीसाठी गरज असेल तर तेवढेच काढा.

आणि पेन्शनचं नीट समजून घे. पीएफबरोबर ईपीएस-९५ पेन्शन योजनेतही वर्गणी जाते. एरवी पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते, यजमानांची सात आहेत. पण नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणी असली तरी पुरते. तिथेही बोर्ड बसतं, पण प्रश्न वेगळा असतो: जे काम हा माणूस करत होता त्या कामाला तो कायमचा पूर्णपणे अपात्र झालाय का? चाळीस टक्के होतात का, हा तिथला प्रश्न नाही. मशीनवरच्या ऑपरेटरचा उजवा हात नाही चालला तर त्याला तिथे अर्थ आहे. अपंगत्व नोकरीत असताना आलं हे कागदावर दिसायला हवं. आत्ता राजीनामा देऊन पेन्शनचे पैसेही काढून घेतले की ती वाट बंद होते.

वर्षभराने हात सुधारला तर देव पावला, परत मशीनवर. नाही सुधारला तर ही पेन्शन, दिव्यांग बोर्ड, दोन्ही बघू. आज काहीच बंद करून टाकायचं नाही.

---

मुलुंडची_मुलगी

आणखी एक. कंपनीला लेखी द्या की हलकं काम द्यावं: हिशोब तपासणं, मालाची नोंद, गेटवरची चलनं. खासगी कंपनीलाही दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे समान संधी धोरण असावं लागतं. देतील न देतील, पण तुम्ही काम मागितलं होतं आणि त्यांनी राजीनामा मागितला, हे कागदावर राहील. पुढे कामगार आयुक्तांकडे जायची वेळ आली तर याच कागदाने बोलता येईल.

---

विक्रोळी_पूर्व

धागा वाचून विचारतेय. माझ्या दिराला हायवेवर टेम्पोने उडवलं, मानेचा मणका मोडला, फ्युजन झालं. दाखल्यावर “उजव्या हाताच्या संदर्भात ३५ टक्के” असं आहे. विमा कंपनीचा वकील म्हणतो, पूर्ण शरीराचे एवढे होत नाहीत, भरपाई कमी होईल.

---

काळाचौकी_काका

अपघात दाव्यात टक्केवारी ही फक्त सुरुवात आहे. सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सांगितलंय की एका अवयवाचं अपंगत्व, पूर्ण शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाई ठरवताना त्या माणसाच्या धंद्यात त्या अपंगत्वाने कमाई किती बुडाली ते बघायचं. दीर काय काम करतात?

---

विक्रोळी_पूर्व

सुतारकाम.

---

काळाचौकी_काका

मग वकिलाला सांगा की सुताराचा उजवा हात आणि ऑफिसात बसणाऱ्याचा उजवा हात न्यायाधिकरणासमोर वेगळा मांडावा लागतो. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष ठेवा, नुसता कागद देऊन बसू नका. आणि दावा दाखल केला नसेल तर उद्याच वकिलाकडे जा, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत आली आहे. मुदत उलटली असली तरी वकिलाशी बोलल्याशिवाय सोडू नका.

---

परळकरीण | २ नोव्हेंबर

थोडी बातमी द्यायची होती. यांनी राजीनामा दिला नाही. हलकं काम मागणारं पत्र मी लिहिलं, यांनी डाव्या हाताने सही शिकून घेतलीय, तीच केली आणि बँकेतही नवी सही नोंदवली. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. कंपनीकडून अजून उत्तर नाही, पण राजीनाम्याचे फोन थांबले आहेत.

ईएसआयच्या इस्पितळात ईएमजीची तारीख मिळाली आहे. अंगठ्याची चिमूट आणि पकड यांचे आकडे फिजिओथेरपीच्या ताई दर भेटीला वहीत लिहून देतात, आम्ही सांगितल्यापासून. डॉक्टर, दिव्यांग बोर्डाकडे पुढच्या उन्हाळ्यात जायचं असेल तर ऑपरेशनआधीचा एमआरआय हवाच का? त्याची फिल्म सापडत नाहीये, फक्त अहवाल आहे.

---

अस्थिरोग_डॉक

अहवाल असला तरी चालेल. एमआरआय ज्या केंद्रावर झाला तिथे नोंद क्रमांक देऊन सीडी मिळते का विचारा, बऱ्याचदा मिळते. त्याहून जरुरीचं म्हणजे ऑपरेशनची सविस्तर नोंद. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते, ती नव्हे. इस्पितळाच्या नोंद विभागात अर्ज करून तिची प्रत घ्या. ऑपरेशनआधी हाताची ताकद किती होती ते त्यात किंवा भरतीच्या कागदात लिहिलेलं असतं. बोर्डाला आधीचं आणि आत्ताचं शेजारी ठेवून बघता आलं की आकडा ठरवणं सोपं जातं. वही चालू ठेवा, आणि ईएमजी झाल्यावर इथे लिहा.